बर्नआउटवर उतारा म्हणे आणखी कोड!

डेव्हलपर, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड लिहिणाऱ्या मंडळींच्या ग्रुपांमध्ये सध्या बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्यावर, एक फॉरवर्ड फिरतोय. मथळा: ‘बर्नआउट असं काही नसतं, आळसाला दिलेलं ते गोंडस नाव आहे.’ खाली सात मुद्दे. (१) डब्ल्यूएचओनेच (जागतिक आरोग्य संघटनेनेच) म्हटलंय की हा आजार नाही, म्हणजे बहाणा आहे. (२) पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, ध्यान करा. (३) ज्याला कामाची आवड आहे तो थकत नाही. (४) आठ दिवस सुट्टी टाका, नव्यासारखे व्हाल. (५) मॅनेजरला कळू देऊ नका, प्रमोशन जाईल. (६) ऑफिसनंतर रोज दोन तास स्वतःचा प्रोजेक्ट करा, कोडचा थकवा कोडनेच जातो. (७) तरीही जमलं नाही तर नोकरी बदला.

एरवी असले फॉरवर्ड मी न वाचता पुसते. पण हा धाकट्या मावसबहिणीकडून आला, खाली प्रश्नासकट: “ताई, सहावा करून बघू का?” नको गं बाई. का नको ते सविस्तर लिहिते.

सहाव्यापासूनच सुरुवात करू. बाकीचे मुद्दे फार तर वेळ फुकट घालवतील, हा नुकसान करेल. दिवसभराच्या डीबगिंगमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका शोधण्यात, खर्च होते ती दहा गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायची ताकद: व्हॅल्यू इथे बदलली, कॉल तिकडे गेला, कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) आलं असेल तर जुनं असणार. रात्री नऊला लॅपटॉप पुन्हा उघडला की तीच खुर्ची, तोच स्क्रीन, त्याच ताकदीवर पुन्हा ताण, आणि कोपऱ्यात स्लॅकचा, म्हणजे ऑफिसच्या चॅट ॲपचा, लाल ठिपका. डोक्याच्या लेखी कामाची वेळ संपलेलीच नाही.

आता तास मोजा. रोज दोन म्हणजे आठवड्याला दहा. ऑफिसचे पंचेचाळीस धरले तरी झाले पंचावन्न. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मिळून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो हौसेच्या कोडिंगचा अभ्यास नाही, हे कबूल. पण हौस म्हणून सुरू केलेला प्रोजेक्ट तिसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी लायब्ररीच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) व्हर्जनवर अडकतो आणि हौस तिथेच संपते. आधी ‘मला काही येत नाही’ असं फक्त ऑफिसात वाटायचं, आता घरीही वाटायला लागतं.

सहाव्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करते. कामानंतर माणूस भरून कसा निघतो यावर साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: मनाने कामातून सुटणं, आराम, काहीतरी नवं जमणं, आणि वेळ आपल्या ताब्यात असणं. फॉरवर्डने तिसरी उचलली आणि पहिली सोडून दिली. नवं शिकायचंच तर पोहणं शिका, एखादं वाद्य शिका, लाकडावर रंधा मारायला शिका. कोडच हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी एक तास, डेडलाइन नाही, कुणाला दाखवायचं नाही.

संध्याकाळी खरोखर सुटायचं असेल तर दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. अर्धवट काम ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) कमिट करून पुश करा, म्हणजे ते सर्व्हरवर जपलं जाईल. मग एका फाइलमध्ये तीन ओळी: कुठे थांबले, संशय कशावर आहे, उद्या सकाळी पहिली कमांड कोणती. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘पेमेंटचा बग बघणे’ असं मोघम लिहिलं तर तो बग जेवतानाही डोक्यात फिरत राहतो. ‘रिट्रायच्या टेस्टमध्ये टाइमआउट शून्य करून चालवणे’ असं लिहिलं की सुटका होते. त्यानंतर फोनवरच्या स्लॅकमधून साइन आउट. म्यूट पुरेसं नाही, ठिपका दिसतच राहतो.

आता पहिला मुद्दा, कारण सगळा फॉरवर्ड त्याच्यावर उभा आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउट आहे आणि ‘आजार’ म्हणून नाही, कामाशी निगडित बाब म्हणून आहे. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. पण त्याच नोंदीत पुढे व्याख्या आहे, ती कुणी वाचलेली दिसत नाही: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, ज्याचं नीट व्यवस्थापन झालेलं नाही. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामातली परिणामकारकता घटणं. ही संज्ञा आयुष्याच्या इतर भागांना लावू नये, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे ज्या कागदाच्या आधाराने ‘दोष तुमचा’ म्हणायचं चाललंय, तो कागद कामाच्या ठिकाणाकडे बोट दाखवतोय. आळशी माणसाला बर्नआउट व्हायला आधी काही जळायला तरी हवं!

आजार नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं नाही, हा अर्थ तर त्याहून घातक. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, सगळ्यांचा थकवा वरून सारखाच दिसतो. सुट्टीच्या दिवशीही कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय आणि हे दोन आठवडे टिकलंय, तर ‘बर्नआउट असेल’ म्हणून बसू नका, तपासून घ्या. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

दुसरा मुद्दा: ध्यान जरूर करा. पण रात्री एकला डिप्लॉय करून (नवा कोड चालू करून) पहाटे पाचला उठणं म्हणजे चार तासांची झोप, तिला शिस्त म्हणत नाहीत. तिसऱ्याला, ‘आवड असेल तर थकवा नाही’ याला, उत्तर देण्यात अर्थ नाही. बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात स्वेच्छेने राबणाऱ्यांविषयी वापरला. आवड नसलेली माणसं तिथे फिरकली तरी असती का?

पाचवा. मॅनेजर कसा आहे त्यावर थोडं अवलंबून आहे, हे खरं. ‘मी खचलेय’ हे प्रत्येक मॅनेजरला सांगण्यासारखं नसतं. आकडे मात्र कुणालाही सांगता येतात. दोन आठवडे नोंद ठेवा: रोज किती वेळा काम मध्येच सोडावं लागलं, कुणामुळे, एकाच वेळी किती तिकिटं (नेमून दिलेली कामं) उघडी होती, बिघाडाच्या फोनने रात्री किती वेळा उठावं लागलं. मग वनऑनवनमध्ये, म्हणजे मॅनेजरबरोबरच्या दोघांच्याच बैठकीत, यादी समोर ठेवून विचारा: “या पाचांपैकी दोन या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या एक-दोन आठवड्यांत) नीट होतील. कोणती दोन?” ‘सगळीच’ असं उत्तर आलं तर बैठकीनंतर त्याच दिवशी लिहून पाठवा: मी अमुक क्रमाने घेतेय, शेवटची तीन पुढच्या स्प्रिंटला जातील.

रात्रीच्या अलर्टचंही, म्हणजे सिस्टिम बिघडली की वाजणाऱ्या फोनचंही, तेच. चार जणांच्या ऑन-कॉल रोटात (बिघाडाला धावून जायच्या पाळ्यांच्या यादीत) प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे १३ आठवडे येतात, एक जण सोडून गेला की १७. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्यांनी) जाहीर केलेली मर्यादा बारा तासांच्या पाळीत दोन घटनांची आहे. तुमच्याकडे सहा होत असतील तर तुमच्या सहनशक्तीला दोष देण्याआधी मागच्या तीस दिवसांचे अलर्ट काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, उठून नेमकं काय केलं. ‘बघितलं आणि झोपले’ असेल तर तो अलर्ट उडवा. दरवेळी तीच सर्व्हिस रीस्टार्ट केली असेल तर ते काम स्क्रिप्टला द्या. ‘डिस्क ८० टक्के भरली’ हा नेहमीचा गुन्हेगार. डिस्क भरायला अजून नऊ दिवस असतात आणि माणूस रात्री दोनला उठतो. त्याचं दिवसाचं तिकीट करा, आणि चालू वेगाने पुढच्या चार तासांत डिस्क भरणार असेल तरच फोन वाजू द्या.

चौथा, सुट्टी. जरूर घ्या, पण तिचा गुण काही आठवड्यांत उतरतो, कारण परत येता तेव्हा तोच रोटा वाट बघत असतो. तीन दिवस आधी नवीन तिकीट उचलणं बंद करा, उघड्या पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेले कोडमधले बदल) नावानिशी कुणाकडे तरी सोपवा, रोटातून नाव काढलंय ना ते स्वतः तपासा. परतल्याची पहिली सकाळ कॅलेंडरवर अडवून ठेवा, नाहीतर दहाच्या आधीच तीन मीटिंगा पडलेल्या असतील.

राहिला सातवा. सातांतला हा एकच बरा म्हणावा लागेल. कामाची मांडणी बदलायला कुणी तयारच नसेल तर निघणं बरोबर. मात्र दमलेला माणूस पहिली ऑफर धरतो आणि तशाच टीममध्ये जाऊन पडतो. म्हणून मुलाखतीत, ऑफर हातात पडायच्या आधी विचारायचं: रोटात किती जण आहेत? मागच्या महिन्यात रात्री किती वेळा फोन वाजला? डेडलाइन ठरवताना डेव्हलपर खोलीत असतो का? टीममधल्या कुणी सलग दोन आठवडे सुट्टी शेवटची कधी घेतली? आणि हे मॅनेजरला विचारून झाल्यावर, जी तुझ्या शेजारी बसणार आहे त्या डेव्हलपरला पुन्हा वेगळं विचार.