आजाची गोष्ट हाही पुरावाच

परवा नंदुरबारमधल्या धडगावहून पुतण्याने एक फॉरवर्ड पाठवला : ‘आदिवासींनो, गोष्टी-गायणं सोडा. गोष्टीने जमीन मिळत नाही, आजार बरा होत नाही आणि बोलीत शिकलेली पोरं मागे राहतात.’ खाली त्याने विचारलं होतं, ‘काका, मग आजाला जबाबाला कशाला न्यायचं?’

आजा म्हणजे माझे वडील. कसतो ती वनजमीन नावावर व्हावी, हा दावा मोठ्या भावाचा आहे आणि त्यातच आजाचा जबाब द्यायचा आहे. ऐन वेळी पोराच्या डोक्यात हे भरवणाऱ्यांची चीड येते.

जमिनीचं पहिलं. 2006च्या वनहक्क कायद्याचे 2008चे नियम उघडा, 13वा नियम वाचा. पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाब स्वच्छ लिहिलेला आहे. अट एवढीच, की जबाब देणारा स्वतः दावेदार नको. अमुकच कागद आणा, असा हट्ट दावे तपासणाऱ्या समित्यांनी धरायचा नाही, हेही 2012च्या दुरुस्तीत आलं. फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे ते मानतो : नुसता जबाब पुरत नाही, किमान दोन पुरावे लागतात. पण दुसरा पुरावा कुठे शोधणार? विहीर, जुनं घर, पुरल्याची जागा, देवाचं ठिकाण, हे सगळं त्याच नियमात बसतं. वाघदेवाचा दगड कुठल्या बांधाला आहे, बहात्तरच्या दुष्काळात कुणी कुठलं रान कसलं, हे आजाच्याच गोष्टीत आहे. ती ऐकल्याशिवाय मोजणीवाल्याला दाखवणार काय?

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1997मध्ये डेलगामुक खटल्यात तिथल्या आदिवासींच्या मौखिक इतिहासाला कागदाच्या बरोबरीने जागा द्यायला सांगितलं. खालच्या न्यायाधीशाने तो मोजलाच नव्हता, म्हणून खटला नव्याने चालवायचा आदेश दिला.

आजाराचं म्हणाल, तर क्षयाला गोळ्याच हव्यात, दवाखान्यातच जा. पण सरदार सरोवरात गाव बुडालेल्या माणसाला कुठली गोळी देणार? नर्मदेचं गायण, म्हणजे तिची गाऊन सांगितलेली गोष्ट, रात्रभर चालतं तेव्हा तो चार माणसांत बसतो, बुडालेल्या पाड्यांची नावं घेतो, रडतो. मी हे पाहिलंय.

बोलीने पोरं मागे पडत नाहीत. न कळणाऱ्या भाषेत पहिलीला बसवलं की पडतात.

तर पोरा, रविवारी मी येतोय. आजाला सकाळीच बसव, दुपारी त्यांना झोप लागते. जबाब त्यांच्या पावरी बोलीत आधी फोनवर घेऊ, मग मराठीत उतरवू. आणि त्यांना वाघदेवापर्यंत चालवेल का, ते आजच विचारून ठेव.