स्किनहेडवरील लेखाबाबत आपण घेतलेल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्किनहेड, म्हणजे डोकी भादरणाऱ्या ब्रिटिश कामगारवर्गीय तरुणांवरील माझ्या लेखात बूट, शर्ट आणि रेगे हे जमैकन संगीत यांचे भरभरून कौतुक आहे, पण ते बूट ज्यांच्या अंगावर पडले त्यांच्याविषयी चकार शब्द नाही, असे आपण लिहिले आहे. १९७० साली पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅममध्ये राहणारे आपले काका फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकत नसत, ही आठवणही आपण सांगितली आहे. या मुलांचे जमैकन संगीतावरचे प्रेम हा मागाहून रचलेला बनाव आहे, असे आपले म्हणणे आहे. यांतला पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मान्य नाही, आणि तो का नाही हे सांगितल्याखेरीज पहिल्याचे गांभीर्यही नीट समजणार नाही, असे मला वाटते.

माझी चूक आधी सांगते. १९६९चे मूळ स्किनहेड निराळे आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाच्या नादी लागलेले निराळे, अशी रेघ मी लेखात ओढली होती. या विषयावर लिहिणारे पुष्कळजण ती ओढतात, कारण त्यामुळे आवडत्या काळाला डाग लागत नाही. पण आशियाई माणसांना गाठून मारण्याच्या प्रकाराला ‘पाकी-बॅशिंग’ हे नाव पडले, ते नॅशनल फ्रंटच्या मोर्चांत स्किनहेड दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. एप्रिल १९७०मध्ये उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात राबणारे तोसीर अली कामावरून घरी परतत असताना पूर्व लंडनमध्ये त्यांचा खून झाला. मारणाऱ्यांच्या लेखी पंजाबी, सिल्हेटी आणि आपल्या काकांसारखा मराठी माणूस यांत काहीच फरक नव्हता. हे सारे त्याच ‘निर्मळ’ काळात घडत होते, आणि मी ते वगळले.

आता संगीताविषयी. डेस्मंड डेकर यांचे ‘इझरेलाइट्स’ एप्रिल १९६९मध्ये ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ते वेस्ट इंडियन वस्तीबरोबरच या कामगारवर्गीय गोऱ्या मुलांनीही तबकड्या विकत घेतल्या म्हणून. ज्या ट्रोजन कंपनीच्या तबकड्यांवर ही मुले नाचत, ती १९६८मध्ये उभी करणाऱ्यांपैकी ली गॉपथल हे जमैकात जन्मलेले, भारतीय वंशाचे गृहस्थ होते. ‘स्किनहेड मूनस्टॉम्प’ हे तर थेट या मुलांसाठी बांधलेले गाणे, आणि ते वाजवणारा सिमारिप हा वाद्यवृंद कृष्णवर्णीय होता.

पोशाखातही हीच उसनवारी दिसते. बारीक कापलेले केस आणि घोट्याच्या वर थांबणारी विजार ही लंडनमधल्या जमैकन ‘रूड बॉय’ मुलांची ढब होती. दिवसा जाड तळव्यांचे डॉक्टर मार्टेन्स बूट, विजार खांद्यांवरून तोलणाऱ्या अरुंद पट्ट्या (ब्रेसेस) आणि कॉलरला गुंड्या असलेला बेन शर्मन शर्ट असे. शनिवारी रात्री मात्र हीच मुले ‘टॉनिक’ कापडाचा सूट चढवीत. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे नाचताना कोपर वळले की बाही हिरवी दिसता दिसता सोनेरी होई. आपल्याकडे अशा वस्त्राला धूपछाव म्हणतात. पगारातून पैसे बाजूला टाकून असा सूट शिवून घेणाऱ्या मुलाची हौस खोटी होती, असे मला म्हणता येत नाही.

मग हाच मुलगा त्याच आठवड्यात एखाद्या आशियाई माणसाच्या मागे कसा लागे? पूर्व लंडनमधल्या गोद्या तेव्हा एकेक करून बंद होत होत्या. ईस्ट इंडिया डॉक १९६७मध्ये गेला, सेंट कॅथरीन डॉक १९६८मध्ये. जुन्या चाळवजा घरांच्या रांगा पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहत होत्या. एप्रिल १९६८मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार वेस्टमिन्स्टरच्या संसदेवर चालून गेले. यांतल्या अनेक घरांतली मुले पुढच्याच वर्षी डोकी भादरून रस्त्यावर होती. जमैकन मुलगा त्यांच्या शाळेत होता, त्यांच्या बोलीत बोलत होता, नाचाच्या जागी भेटत होता. तरीही त्याची सोबत बेभरवशाचीच होती. आशियाई माणूस कामावरून थेट घरी जाणारा, वेगळ्या भाषेत बोलणारा, आणि उलटून मारणार नाही असा त्यांनी धरून चाललेला. संगीतावरचे त्यांचे प्रेम खरे होते आणि त्या प्रेमाने कोणाचाही मारणारा हात रोखला नाही. बनाव असता तर गोष्ट सोपी झाली असती. मला अस्वस्थ करते ते त्याचे खरेपण.

पुढचा इतिहास आपण जाणताच. ३ जुलै १९८१ रोजी पश्चिम लंडनमधल्या साउथॉलमध्ये, गाण्याच्या कार्यक्रमासाठी स्किनहेड श्रोते बाहेरून गाड्या भरून आले होते त्या रात्री, तिथल्या आशियाई तरुणांनी कार्यक्रमाची जागा असलेली हॅम्बरो टॅव्हर्न ही मद्यशाळा जाळली. आपले काका घरात बसून राहिले. त्यांच्या पुढच्या पिढीने तसे केले नाही.

लेखातली ती रेघ मी काढून टाकत आहे, आणि १९७०चा भाग नव्याने लिहीत आहे. आपली आणि काकांची हरकत नसेल, तर सामन्याच्या संध्याकाळची त्यांची आठवण, नाव न देता, त्या भागाच्या सुरुवातीला घ्यावी असे माझ्या मनात आहे. कृपया त्यांना विचारून कळवावे.