हप्ता आणि बटई: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सन्मान निधीचा हप्ता आणि बटईदार यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘वीस वर्षं पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, पण औशाकडची चार एकर माझ्याच नावावर आहे. सन्मान निधीचा हप्ता घेतो म्हणून मला आयतखाऊ म्हणणारे तुम्ही कोण?’ असं तुम्ही विचारलंत. तो शब्द मी वापरला, चुकलं. मागे घेतो. हाताला काम नव्हतं म्हणून गाव सोडलेल्या माणसाला असं बोलायचा मला हक्क नाही.

नियमानंही तुमचं बरोबर आहे. पीएम-किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 सातबारावरच्या खातेदाराचे. प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकी सरकारी नोकर, डॉक्टर, वकील वगळलेत. गावाबाहेर राहणारे वगळलेले नाहीत. पण लेखातला बटईदाराचा अर्धा भाग तुम्ही सोडूनच दिलात.

माझ्या वडिलांनी अकरा वर्षं दुसऱ्याचं रान निम्म्या बटईनं, म्हणजे निम्मं पीक मालकाला या बोलीवर केलं. बी, खत, फवारणीचा खर्च निम्मा-निम्मा, राबणं सगळं आमच्या घरचं. एवढ्या वर्षांत एकाही कागदावर त्यांचं नाव लागलं नाही. हप्ता मालकाला, ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, मालकाच्या नावानं. सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा नदीचं पाणी रानात शिरलं, शेंगा भरलेलं सोयाबीन काळं पडलं, तेव्हा पंचनामाही मालकाच्याच नावानं झाला. मालक भला माणूस. मदतीतले निम्मे पैसे स्वतःहून घरी आणून दिले. दिले नसते तर आम्ही काय दाखवून मागणार होतो?

‘मग करारनामा करून घ्यायचा’ असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या बटईदाराशी तुम्ही केलाय का, दादा? आपल्याकडे मराठवाड्यात कसणाऱ्या कुळाला हक्क देणारा 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, तेव्हापासून मालकाच्या मनात धास्ती बसली ती बसलीच: कागद झाला की कूळ लागेल, रान जाईल. ती धास्ती मी खोटी म्हणत नाही, चार एकरवाल्याला तर ती जास्तच. म्हणून सगळं तोंडी, या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत. आणि बटईदार पीकविमा भरायला गेला की नोंदणीकृत भाडेकरार मागतात.

मालकी शाबूत राहावी आणि कसणाऱ्याला लेखी कराराच्या जोरावर कर्ज, विमा, मदत मिळावी, असा नमुना कायदा नीती आयोगाच्या समितीनं 2016 मध्येच दिला. ओडिशानं शेतकरी मदतीच्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन कुटुंबंही घेतली. मनावर घेतलं तर होतं.

तुमचा हप्ता बंद करा असं मी म्हणणार नाही. एका हप्त्याच्या 2,000 रुपयांत 1,350 ची डीएपी खताची एक बॅग येते, साडेसहाशे उरतात. त्यावरून तुमच्याशी काय भांडू? पण पाडव्याला गावी आलात की बटईदाराच्या घरी जाऊन बसा आणि एवढं विचारा: यंदा खताचे पैसे कुणाकडून काढले, शेकडा किती व्याजानं? तो काय म्हणाला ते इथं लिहा. मी वाट बघतो.