पर्लचे प्रश्न आणि नवशिक्यांची उत्तरं: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही काही जण पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसतो. तिथला नियम असा, की नवशिक्यानं प्रश्न विचारला तर पहिलं उत्तर नवशिक्यांनीच द्यायचं. जाणत्यांनी तोवर गप्प बसायचं. त्यावर दादांनी, म्हणजे पुण्यात बरीच वर्षं पर्लवरच पोट भरलेल्या मूळच्या कोल्हापूरकरानं, लिहिलंय: "हा आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायचा प्रकार झाला. तालमीत पोरं पोरांना डाव शिकवत नाहीत, वस्ताद शिकवतो. तुम्ही छापलेलं '==' वालं उत्तर चुकीचं आहे, ते काढून टाका. आणि हे प्रश्न इतके बाळबोध आहेत, की पर्लडॉक उघडलं असतं तर विचारायची वेळच आली नसती. त्यात पर्ल मेलंय, पोरांना पायथन शिकवा." (पर्लडॉक म्हणजे पर्लचं माहितीपुस्तक, पायथन ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा.)

'==' पासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा राग तिथं आहे.

प्रश्न विचारणारी मुलगी शिरोळ तालुक्यातली. घरच्यांच्या ऊसवजनाच्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाईलीत आहेत, त्यातून गावानुसार बेरीज काढायची तिची खटपट. पहिली पायरी एवढीच होती: कीबोर्डवरून गावाचं नाव घ्यायचं आणि ते शिरोळ असेल तर 'सापडलं' छापायचं. नावं तिनं रोमन अक्षरांत ठेवली होती. पण कागल टाका, जयसिंगपूर टाका, काहीही टाका, उत्तर एकच, 'सापडलं'. "असं का करतंय ओ हे?" हा तिचा प्रश्न. तिनं इफमध्ये, म्हणजे अट तपासणाऱ्या ओळीत, एकच = लिहिलं होतं. म्हणजे तुलना होतच नव्हती. टाईप केलेलं नाव पुसून त्या जागी शिरोळ बसत होतं, आणि रिकामी किंवा नुसतं शून्य नसलेली कुठलीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, पर्लच्या लेखी खरीच.

इचलकरंजीच्या एका डिप्लोमाच्या पोरानं उत्तर दिलं, "एक = काढ, दोन टाक." हेच ते तुमच्या मते काढून टाकायचं उत्तर. पण हे त्यानं आणलं कुठून? वॉर्निंग्ज, म्हणजे इशारे, चालू असताना पर्ल स्वतःच सांगतं, 'फाउंड = इन कंडिशनल, शुड बी ==', म्हणजे अटीत = सापडलं, तिथं == हवं. उजवीकडे आकडा आहे की नाव, हे तो इशारा बघतच नाही. म्हणजे पोरानं मनाचं काही सांगितलं नाही, यंत्राचा सल्ला जसाच्या तसा पुढं केला. आता आंधळा कोणाला म्हणायचं?

तिनं दोन = टाकले. तरी प्रत्येक गाव 'सापडलं'च. मात्र आता पडद्यावर दोन नवे इशारे आले: अमुक आर्ग्युमेंट न्यूमरिक नाही, म्हणजे दिलेली गोष्ट आकडा नाही. पहिल्यात नुसतं शिरोळ होतं. दुसऱ्यात टाईप केलेलं नाव होतं आणि त्याला शेवटी चिकटून बॅकस्लॅश एन. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "ते शेपूट कुठनं आलं? मी तर नुसतं कागल टाईप केल्तं." तिथून पुढची चर्चा मी कितीही चांगला मास्तर असतो तरी मला घडवून आणता आली नसती. == हे आकड्यांसाठी आहे. आकडा नसलेल्या अक्षरांची पर्ल संख्या करायला जातं तेव्हा शून्य हाती येतं, आणि शून्य बरोबर शून्य, म्हणून कागल आणि शिरोळ सारखेच ठरतात. हे त्यांनी छापून छापून शोधलं. मग कुणाला तरी मजकुराची तुलना करणारं ईक्यू आठवलं. ईक्यू टाकल्यावर उलटंच झालं, शिरोळ टाकलं तरी सापडेना. पण शेपूट आधीच दिसलेलं असल्यामुळं कुणी गडबडलं नाही. एंटर दाबल्याची खूण नावासोबत आत येते हे त्यांना कळलं होतं, आणि ती काढायला चॉम्प असतं हे एकीनं पर्लडॉकमधून वाचून दाखवलं.

तुम्ही किंवा मी काय सांगितलं असतं? "ईक्यू वापर, आधी चॉम्प कर." एका ओळीत काम झालं असतं, आणि पुढच्या रविवारी तीच मुलगी दुसऱ्या फाईलवर तिथंच अडकली असती. चुकीच्या उत्तरामुळं जो इशारा आला, त्यातच दुसऱ्या चुकीचा पत्ता होता. म्हणून ते उत्तर लेखातून काढणार नाही. त्याच्याखाली पुढं काय झालं ते आता सविस्तर जोडलंय, म्हणजे घाईघाईनं वाचणाराही '==' घेऊन निघून जाणार नाही.

एक गोष्ट मागच्या लेखात अर्ध्या ओळीत उरकली होती, ती इथं ठासून सांगतो. आमच्याकडं उत्तर म्हणजे मत नाही. चालवून दाखवलेल्या प्रोग्रामशिवाय उत्तर देताच येत नाही. "मला वाटतं असं असेल" म्हणणाऱ्याला सगळे एका सुरात "चालीव की मग" म्हणतात. कॅटलिस्टपासून (पर्लमध्ये वेबसाईट बांधायची चौकट) क्लाउडपर्यंत काहीही बोलणारे लोक या नियमामुळं बऱ्यापैकी शांत झालेत. प्रश्नालाही तीच अट: अडचण दिसेल एवढाच लहान प्रोग्राम, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पर्लचा संदेश अक्षर न बदलता. 'चालत नाही' हा प्रश्न आम्ही घेत नाही. गंमत अशी, की प्रोग्राम लहान करता करताच निम्म्या जणांना उत्तर सापडतं आणि विचारायचं राहूनच जातं.

आता तालमीचं. उपमा तुमचीच आहे, म्हणून तिथंच उत्तर देतो. मोतीबाग तालीम असो की गंगावेस, वस्ताद डाव सांगतो हे खरं, पण अंगात मुरतो तो जोडीबरोबर झटताना, आणि जोड बहुतेक वेळा आपल्याच ताकदीची असते. प्रत्येक पकड सोडवायला वस्ताद हौद्यात उतरत नाही. कडेला बसून त्याची नजर मात्र हलत नाही, आणि कुणाचा हात मोडायची वेळ आली तर तो एका हाकेत थांबवतो.

ते थांबवणं आमच्याकडंही आहे, आणि इथं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. काही प्रश्नांना गप्प बसायचा नियम लागू नाही. उदाहरणार्थ, फाईल उघडणं. नेटवर जुन्या पाठांचा अजून ढीग आहे आणि त्यात फाईल उघडणाऱ्या ओपन या फंक्शनला दोनच आर्ग्युमेंट्स देतात. फाईलचं नाव बाहेरच्या माणसाकडून येत असेल आणि त्यानं नावाच्या शेवटी पाईपची उभी रेघ टाकली, तर पर्ल फाईल उघडत नाही, ते नाव आज्ञा समजून चालवतं. तीन आर्ग्युमेंट्सचं ओपन २००० साली ५.६ आवृत्तीबरोबर आलं, तरी जुनी पद्धत पसरतेच आहे. असं उत्तर आलं की आम्ही तिथल्या तिथं थांबवतो. तसंच आज्ञा चालवणाऱ्या सिस्टिम या फंक्शनला थेट दिलेलं व्हेरिएबल, डेटाबेसच्या क्वेरीत जोडलेली स्ट्रिंग, फाईली उडवणारा कुठलाही प्रोग्राम. कागलला शिरोळ समजलं तर बेरीज चुकेल, ती परत करता येते. उडालेली फाईल परत येत नाही.

'पर्लडॉक वाचलं असतं तर' हे वाक्य आपण जाणते लोक फार सहज टाकतो. पर्लडॉक उत्तमच आहे. नेहमीच्या प्रश्नांचे नऊ भाग त्यात आहेत, कमांडला एफ लावून फंक्शनचं नाव दिलं की त्याचीच माहिती मिळते, क्यू लावला तर प्रश्नांमध्ये शोधता येतं. पण शोधायला आधी नाव माहीत लागतं. ज्याला शेपूट दिसलेलंच नाही, तो चॉम्प शोधणार कसा? शिवाय आमच्यातले निम्मे मराठी माध्यमातले. इंग्रजी वाचता येतं, पण पर्लचे संदेश ज्या तुटक ढंगात येतात तो ढंग कळायला वेळ लागतो. यूज डायग्नॉस्टिक्स टाकलं की तोच संदेश परिच्छेदभर समजावून मिळतो. तो एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं आपल्या भाषेत सांगायचा, हा आमचा नेहमीचा खेळ. उत्तर देणाऱ्याचाच यात जास्त फायदा होतो. दुसऱ्याला सांगायचं म्हणून तो पर्लडॉक उघडतो, स्वतःसाठी कधी उघडला नसता.

आणि जाणत्यांना सगळं येतं, हेही तपासून बघण्यासारखं आहे. मागं एकानं विचारलं, "लेंग्थनं 'कोल्हापूर'ची लांबी काढली तर २७ येते, ही काय भानगड?" आमच्यातल्या दोन अनुभवी मंडळींची पाटी कोरी निघाली. कंपनीत आयुष्यभर इंग्रजी लॉग वाचले, देवनागरी डेटाशी गाठच पडली नव्हती. नवशिक्यांनीच शोधून काढलं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाईटची, आणि पर्लला सांगितलं नाही तर ते बाईट मोजतं. यूज यूटीएफ-८ लिहिल्यावर लांबी ९ झाली. पण शब्द छापताना 'वाइड कॅरेक्टर इन प्रिंट' हा इशारा आला, मग बिनमोड वापरून बाहेर जाणाऱ्या मजकुरालाही यूटीएफ-८ ठरवून द्यावं लागलं. तेवढ्यात एक मावशी, ज्या हिशेबनिसाचं काम करतात आणि आमच्यात सगळ्यात चिवट आहेत, म्हणाल्या, "नऊ कसे? को, ल्हा, पू, र. चारच की." बरोबर होतं त्यांचं. पर्लनं काना, मात्रा, उकार आणि ल चा पाय मोडणारं चिन्हसुद्धा सुटं मोजलं होतं. वाचणाऱ्याला एक वाटणाऱ्या अक्षराच्या जवळ जायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या खूणभाषेत) बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स आहे, जरी बऱ्याच आवृत्त्यांत ते ल्हासारखं जोडाक्षर दोन तुकड्यांत मोजतं; तिथवर पोचायला त्यांना तास लागला. त्या तासात मी चहा प्यालो.

पर्ल मेलंय का, यावर फार शाई सांडणार नाही. लॅरी वॉलनं ते १९८७ मध्ये आणलं, ५ ही पिढी १९९४ ची, आणि तिच्या नव्या आवृत्त्या दर वर्षी येतायत. २०२२ च्या ५.३६ पासून तर वरती आवृत्ती लिहिली की स्ट्रिक्ट (कडक तपासणी) आणि वॉर्निंग्ज आपोआप चालू होतात. सहावी पिढी म्हणून जी निघाली तिचं २०१९ मध्ये राकू असं वेगळं नाव झालं, त्यामुळं 'पाच संपलं, सहा आलं नाही' हा जुना घोळही मिटलाय. फोटोंची माहिती काढणारं एक्झिफटूल पर्लमध्येच आहे. नोकरीसाठी पर्ल शिका असं मी कुणाला सांगत नाही. पायथन शिकायचं असेल तर खुशाल शिका, त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशन्स पर्लच्याच वळणाच्या आहेत. पण ज्यांच्यासमोर वाकड्यातिकड्या टेक्स्ट फाईलींचा ढीग आहे, त्यांचं काम यानं आज भागतंय. कॉलेजच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीतला सीजीआयचा (वेबपानं बनवायच्या जुन्या पद्धतीचा) प्रोग्राम घेऊन येणाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवतो: ते मॉड्यूल २०१५ च्या ५.२२ पासून पर्लसोबत येत नाही, वेगळं बसवावं लागतं, तुमचं काही चुकलेलं नाही.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की अशा पोरांनी पुढं कंपनीत चुकीच्या सवयी नेल्या तर निस्तरायचं आमच्यासारख्यांनी. ही काळजी खरी आहे. तर मग दादा, गावाकडं याल तेव्हा एका रविवारी या. अट एकच, पहिलं उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नंतर हवं तेवढं झाडा. लिस्ट आणि स्केलर कॉन्टेक्स्टवर सध्या घमासान चाललंय: ॲरे, म्हणजे यादी, साध्या व्हेरिएबलमध्ये टाकला की घटकांची संख्या मिळते आणि त्याच व्हेरिएबलला कंस घातला की पहिला घटक, हे इचलकरंजीच्या त्या पोराला अजून पटलेलं नाही. तुम्ही समजावून बघा. त्यानंतर मिसळीचे पैसे माझे.