हसतंय म्हणजे दुखत नाही?

अँजेलमन सिंड्रोम या मेंदूच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजारावरचा एक मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपांवर आला. वर हसऱ्या बाळाचा फोटो, खाली मजकूर: ‘ही देवाची हसरी मुलं. यांना वेदना कळत नाहीत. दोष आईकडून येतो. उशिरा का होईना, आपोआप बोलू लागतात. आयुष्य मात्र थोडं.’ माझ्या भाचीला हाच आजार आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी वेदनांचं. मागच्या पावसाळ्यात भाची दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त खिदळत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पू दिसला. कान फुटला होता, आणि आम्ही म्हणत होतो, काय मजेत आहे! हसू हे या आजाराचं लक्षण आहे. आनंदात येतं तसं घाबरल्यावर, दमल्यावर, ठणका लागल्यावरही येतं. शिवाय ८० टक्क्यांहून जास्त मुलांना फिट येतात, बहुतेकांना तीन वर्षांच्या आत सुरू होतात. काही फिटमध्ये झटके नसतातच, मूल नुसतं मंद होतं. झोप तुटक, चालताना तोल जातो. १९६५ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचे डॉक्टर हॅरी अँजेलमन यांनी अशा तीन मुलांवर लिहिलं, तेव्हा हसण्यासोबत कळसूत्री बाहुलीसारख्या झटक्याच्या हालचालीही नोंदवल्या होत्या. फॉरवर्डमध्ये तेवढं हसूच उरलं.

‘दोष आईकडून येतो’ हे अर्धसत्य, आणि म्हणूनच जास्त वाईट. पंधराव्या गुणसूत्रावर यूबीई३ए नावाचं जनुक असतं. मेंदूतल्या चेतापेशींत त्याची आईकडची प्रतच काम करते. वडिलांकडची प्रत सगळ्यांमध्येच गप्प असते. आईकडची प्रत गळाली किंवा बिघडली की जागा घ्यायला कुणी नसतं. सुमारे ७० टक्के मुलांत गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो, आणि बहुतेक वेळा तो नव्यानेच गळतो, आईच्या तपासणीत काही सापडत नाही. मोजक्या मुलांना तर पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती वडिलांकडूनच आलेल्या असतात! काही घरांत बदल आईमध्ये असतो, तेव्हा पुढच्या बाळाला धोका ५० टक्के. पण तोही तिला तिच्या वडिलांकडून, काही त्रास न होता, आलेला असू शकतो. आमच्या ताईला मात्र ‘ग्रहणात भाजी चिरली होतीस का?’ असं विचारणाऱ्या बायका अजून भेटतात.

नेमकं कारण कळलं तरच पुढच्या बाळाचं सांगता येतं. गुणसूत्रांची साधी तपासणी नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांना मिथायलेशन टेस्टबद्दल, म्हणजे आईकडच्या प्रतीची खूण आहे का ते पाहणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा.

आयुष्य थोडं, हेही खोटं. ते जवळपास इतरांइतकंच असतं.

राहिलं बोलणं. बहुतेक मुलं दोन-चार शब्दांपुढे जात नाहीत, पण समजतं त्याहून कितीतरी जास्त. वाट बघत बसण्यापेक्षा चित्रांची कार्डं, टॅब लवकर हातात द्यावा. भाचीने परवा टॅबवर ‘पाणी’ सहा वेळा दाबलं. ताईने पेला भरून आणला, तर तिने तो ढकलला आणि मोरीकडे बोट दाखवलं. तिला बादलीत बसायचं होतं.