सोमवारची रात्र, टिळक ब्रिज

सोमवारी रात्री सायनहून अनवाणी सिद्धिविनायकाला जायचा माझा नेम जुना आहे. गेल्या खेपेला टिळक ब्रिजच्या चढावर एक आजोबा कठड्याला टेकून बसलेले दिसले, मान खाली. ‘प्यायलेला असेल’ म्हणून पुढे गेलो. पहाटेची आरती गाठायची होती ना!

परतताना ते दिसले नाहीत. पायथ्याशी गजरे ओवत बसलेल्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, “साखर उतरली होती त्यांची. चहा-बिस्कीट दिलं, उठले, गेले. तुम्ही याच वाटेनं गेलात ना दादा?”

काय बोलणार?

अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग आहे, 1973 साली छापून आलेला. दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचं. काहींना विषय दिला होता येशूच्या त्या गोष्टीचा, ज्यात वाटेवर जखमी पडलेल्याला एक परका माणूस उचलतो. वाटेत दारापाशी एक जण खोकत, कण्हत पडलेला, अर्थात मुद्दाम बसवलेला. सवड असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे तीच गोष्ट घोकत काही जण त्या माणसाला टाळून गेले. मी तर आरतीच्या नादात होतो.

आता कुणी म्हणेल, मग धर्माचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो गाडगेबाबांना कळला होता असं मला वाटतं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं आणि जमलेल्या पैशातून देऊळ नाही, धर्मशाळा बांधायची. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेले गावाकडचे पेशंट उतरतात. तिथे कुणाच्या घाईवर काही अवलंबून नाही. लंगरचं तेच, मोहरमच्या सबीलचंही, म्हणजे वाटसरूंसाठी मांडलेल्या फुकट पाण्या-सरबताचंही तेच. माणूस विसरला तरी पाणी भरलेलं असतं.

आणि 26 जुलै 2005? सांताक्रूझला 944 मिमी पाऊस, अनोळखी लोकांना घरात घेणारी मुंबई. आपण त्याला स्पिरिट म्हणतो. मला आता वेगळाच संशय येतो. त्या दिवशी लोकल बंद होत्या. घाई करूनही कुणाला कुठे वेळेवर पोहोचता येणार नव्हतं.

पुढच्या सोमवारी तासभर आधी निघणार आहे, खिशात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “थांब की. पण आरती चुकली म्हणून घरी येऊन कुरकुरायचं नाही.”