निळूभाऊ म्हणजे फक्त खलनायक नव्हेत

अभिनेते निळू फुले यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात त्यांना ‘मराठीतले सर्वात मोठे खलनायक’ म्हणून मोकळं होणं पटलं नाही. ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा हिंदुराव घ्या. साखर कारखानदार, गावाचा मालकच म्हणा ना. पण समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर आला की हा माणूस हळूहळू अस्वस्थ होत जातो, आणि ते दिसतं कशात? आवाज चढवण्यात नाही. मान तिरकी करून बघण्यात, वाक्य मध्येच सोडून देण्यात. टाळीची वाक्यं तर कुणीही म्हणेल हो.

आणि ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू? तो लेखात कसा नाही? सगळं राजकारण डोळ्यांदेखत पाहणारा आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा. १९७९ साली पाटील-सरपंचाच्या साच्यातल्या नटाला अशी भूमिका देणाऱ्या दिग्दर्शक जब्बार पटेलांचंही कौतुक करायला हवं.

बाकी पुण्यातली माळीकामाची नोकरी, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग लोकनाट्य हा प्रवास तुम्ही दोन ओळींत उरकलात. खरं तर तिथेच जरा रेंगाळायला हवं होतं. निळूभाऊंचं ते टायमिंग वगातलंच, म्हणजे लोकनाट्यातलंच!